पडून ऐकणारे डॉक्टर

पनवेलला तळ्याच्या काठी त्यांचा दवाखाना होता आणि त्यावर पाटी नव्हती. पाटी लावली की लोक नाव वाचतात, नावावरून जात काढतात, जातीवरून गाव काढतात, आणि एवढं काम झाल्यावर आत यायचं राहून जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे गावात त्यांना नुसतं ‘डॉक्टर’ म्हणत. कुठले डॉक्टर, असं कोणी विचारलं तर ‘आजारी डॉक्टर’ असं उत्तर मिळे. मीही इथे त्यांचं नाव लिहीत नाही. ते आता नाहीत, पण पाटी लावल्याबद्दल ते माझ्यावर चिडले असते हे मला पक्कं माहीत आहे.

त्यांना आजारी म्हणायचं कारण असं, की ते रोग्याला तपासायचे ते स्वतः कोचावर आडवे पडून. रोगी शेजारच्या खुर्चीत बसायचा. डॉक्टर डोक्याखाली हात घेऊन, डोळे मिटून पडलेले असत. चष्मा मात्र डोळ्यांवर तसाच. एकदा एका म्हाताऱ्याने त्यांना तसं पाहून दारातच हंबरडा फोडला होता, तेव्हापासून चष्मा काढायचा नाही असा नियम झाला. चष्मा लावून कोणी मरत नाही, असं ते म्हणत.

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. पनवेलला रेल्वे यायची होती. मी मुंबईत मानसशास्त्र घेऊन एम. ए. केलं होतं आणि मला मानसोपचाराचं काम करायचं होतं. अशा कामाचं नाव घरात कोणाला नीट घेता येत नव्हतं. ते शिकवणारी माणसंही हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. पुस्तकं मी ढीगभर वाचली होती, पण मन बिघडलेलं माणूस जवळून पाहिलं नव्हतं. आमच्या प्राध्यापकांनी सांगितलं, पनवेलला एक गृहस्थ आहेत, जरा विक्षिप्त आहेत, पण त्यांच्याकडे सहा महिने काढून त्यांचा दाखला आणलास तर तुझं शिक्षण पुरं झालं असं मी समजेन. पनवेलला माझी आत्या राहत होती, त्यामुळे घरूनही परवानगी मिळाली. दिवाळी झाल्यावर मी एस. टी.ने तिथे गेले.

पहिल्या दिवशी डॉक्टर कोचावर पडले होते. मी नमस्कार केला. ते म्हणाले, “बस. काय त्रास होतो?”

“मला त्रास नाही. मी शिकायला आलेय.”

“म्हणजे तोच त्रास,” ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

या कोचाची कथा मला कंपाउंडरने सांगितली. डॉक्टर लढाईच्या काळात ब्रह्मदेशाच्या आघाडीमागे सैनिकांच्या इस्पितळात होते. तोफांच्या आवाजाने डोकं फिरलेले, झोप उडालेले जवान त्यांनी बरे केले होते. लढाई संपल्यावर विलायतेत जाऊन आणखी शिकून आले आणि मग कुठल्याशा मोठ्या इस्पितळातली नोकरी सोडून इथे आले. पनवेलच का, याला त्यांचं उत्तर होतं की पुण्याची, कोकणाची, मुंबईची सगळी वाहनं इथे थांबतात आणि उतरलेल्या माणसाला करायला काही काम नसतं. विलायतेतल्या पद्धतीप्रमाणे रोग्याला आडवं करून बोलतं करायचं, म्हणून त्यांनी बैलगाडीची चाकं करणाऱ्या सुताराकडून कोच बनवून घेतला. सुताराने कोच केला तो असा भक्कम, की खाली चाकं बसवली असती तर तो बोरघाट चढून गेला असता.

पण त्यावर आडवं व्हायला कोणी तयार होईना. पहिला रोगी मिठाचा व्यापारी होता. भर दुपारी, सदऱ्याची बटणं सैल करून, परक्या माणसासमोर बापाला निजवलेलं पाहून त्याची दोन्ही मुलं रडायला लागली. नंतरच्या एका बाईने कोचाला नुसता हात लावून नमस्कार केला आणि ती निघून गेली. असे काही महिने गेल्यावर एकदा डॉक्टरांची कंबर धरली. ते स्वतःच कोचावर पडून होते, तेवढ्यात उरणकडचा एक कोळी आला. तो खुर्चीत बसला, म्हणाला, “काय झालं डॉक्टर? कंबर काय?” आणि मग आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस जसं बोलतो तसं बोलायला लागला. आधी डॉक्टरांच्या कंबरेबद्दल, मग आपल्या कंबरेबद्दल, मग बायकोबद्दल, आणि शेवटी ज्यासाठी आला होता त्याबद्दल. डॉक्टरांनी फक्त हुंकार दिले. कंबर बरी झाली, पण रोगी आला की पडायचं हे डॉक्टरांनी सोडलं नाही.

आपल्याकडे आजाऱ्याच्या उशाशी बसलं की माणूस आपलं सगळं सांगतो, हे खरंच आहे. माझी आत्या शेजारच्या आजारी काकूंना बघायला जायची आणि स्वतःचं मन मोकळं करून यायची. डॉक्टरांनी तो रिवाजच कामाला लावला होता. लोक येताना मोसंबी आणत, शहाळी आणत, खाडीकाठची माणसं सुकट आणत. डॉक्टर जन्माने शाकाहारी घरातले, पण सुकट त्यांना फार आवडे. मोसंबी सगळी कंपाउंडरच्या घरी जात.

कोणी विचारलं, “डॉक्टर, तुमाला काय झालंय?” तर ते म्हणत, “थकलोय.” मी एकदा म्हटलं, ही फसवणूक नाही का? तेव्हा ते उठून बसले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. “मी खरंच थकलेला असतो. थकलो नसेन तर पडत नाही. रोग्याशी खोटं बोलायचं नाही. सांगायचं नसेल तर गप्प राहा, पण खोटं नाही. समजलं?”

मी म्हटलं, “पण का...”

“तळ्याला जा.”

हा त्यांचा दुसरा नियम. दवाखान्यात ‘का’ विचारायचं नाही. ‘का’ विचारलं की समोरचा माणूस आरोपी होतो आणि आपण वकील होतो, असं ते म्हणायचे. ‘कशाला’ आणि ‘कशामुळे’ हेही त्यातच धरले जात. विचारलं की शिक्षा एकच, उठून तळ्याला एक चक्कर मारून यायची. पुस्तकातून आलेल्या मुलीला ‘का’ सोडून दुसरं काय येणार? पहिल्या महिन्यात मी इतक्या चकरा मारल्या की आत्याकडे चौकशी झाली. मुलगी काही नवस वगैरे बोललीय का, अमुक घरचे विचारत होते, असं म्हणून आत्या माझ्याकडे संशयाने बघायला लागली. डॉक्टर स्वतःही चुकले तर छत्री घेऊन निघत. तळ्याच्या पायऱ्यांवर कपडे धुणाऱ्या बायका त्यांना बघून म्हणत, “आज डॉक्टर चुकला वाटतं.”

माझं शिक्षण म्हणजे पडायला शिकणं. बायका अशा पडलेल्या पुरुषासमोर मोकळ्या व्हायच्या नाहीत, म्हणून पुढे त्यांच्यासाठी मी पडावं अशी योजना होती. रोज संध्याकाळी दवाखाना रिकामा झाला की मी कोचावर पडायचं आणि डॉक्टर खुर्चीत बसून काहीतरी सांगत राहायचे. मधेच थांबून म्हणत, “तुझा अंगठा उत्तर देतोय. ऐकत नाहीये.” मी बघे तर खरोखरच माझ्या पायाचा अंगठा हलत असे. एकदा मी अंगठा अगदी स्थिर ठेवला, तर म्हणाले, “आता तू अंगठा सांभाळतेयस.” एकदा मी खरोखर झोपले. जागी झाले तेव्हा ते चहा पीत होते. म्हणाले, “हे सगळ्यात बरं होतं. फक्त घोरू नकोस.”

सहा महिन्यांनंतर त्यांनी मला जो दाखला दिला त्यात एकच ओळ होती, ‘या बाईंना पडून राहता येते.’ मुंबईला आमचे प्राध्यापक तो कागद उलटसुलट करून बघत बसले. पण ते पुढचं झालं.

हिराला आणलं तेव्हा मला दोन-तीन महिने झाले होते. ती कोन गावची, शेतकऱ्याच्या घरची. वय पंचविशीच्या आत, दोन मुलं. सासू तिला हाताला धरून घेऊन आली होती. दिवाळीपासून हिरा एक शब्द बोललेली नव्हती. काम सगळं करायची, मुलांना जेवू घालायची, शेतावर जायची, पण तोंड बंद. भगत झाला, देव झाला, अंगारे झाले.

“गावकी बसनार हाय,” सासू म्हणाली. “मुक्या बाईसंगती संसार कसा व्हायचा? वैशाखापरयंत बोलली तर बोलली. नाय तर सोडचिठ्ठी देऊन माहेरी धाडायची.”

“आणि मुलं?” मी विचारलं.

“पोरं आमची हायेत बाय. पोरं कशी जातील?”

हे सगळं हिरासमोरच चाललं होतं. ती खाली मान घालून उभी होती. पोरांचं नाव निघालं तेव्हा तिने पदराचं टोक मुठीत धरलं, एवढंच.

डॉक्टरांनी सासूला बाहेर बसवलं आणि नेहमीप्रमाणे कोचावर पडले. हिराने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती मी त्याआधी कोणाच्या चेहऱ्यावर बघितली नव्हती. दोन्ही हातांनी तोंडावर पदर दाबून ती मागच्या मागे दाराबाहेर गेली.

पुरुष म्हणून घाबरली असेल, असं डॉक्टरांना वाटलं. पुढच्या खेपेला त्यांनी मला सांगितलं, “आज तू पड.” माझी पहिलीच वेळ. मी मोठ्या उमेदीने पडले, अंगठाही विसरले. हिरा आत आली, मला पाहिलं आणि पुन्हा तसंच, पदर तोंडावर दाबून बाहेर. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. आपल्याला हे काम येणार नाही, आपण मुंबईला जाऊन शाळेत शिकवावं, असं मी रात्रभर ठरवत होते.

तिसऱ्या खेपेला हिरा आत येईचना. ती तळ्याच्या पायरीवर बसली आणि सासू माझ्यापाशी ओसरीवर. म्हातारी बोलकी होती. मी काही विचारलं नाही, शिकल्याप्रमाणे नुसती भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. “दमलीस बाय?” असं म्हणून म्हातारी सुरू झाली. दिवाळीच्या उधाणात खाडीचं पाणी शेताचा बांध फोडायला आलं होतं. धाकटा दीर बांध धरायला निघाला होता आणि जेवण लवकर दे म्हणून हिराच्या मागे लागला होता. हिरा म्हणाली होती, “जा मेल्या, खाडीत जाऊन मर.” असं कोणीही म्हणतं, घरोघरी म्हणतात. तो गेला आणि बांधावरून पाण्यात पडला तो दुसऱ्या दिवशी सापडला.

“आमी तिला काय बोललो नाय,” म्हातारी म्हणाली. “पन गावात बाया बोलल्या, हिची जीभ काळी हाय. तवाधरनं कुनी आजारी असंल तर त्या घरात पाय बी नाय ठेवत. पोराला ताप आला तवा शेजारनीकडं दिला.”

मी उठून आत गेले आणि डॉक्टरांना हे सांगितलं.  ते उठून बसले.

“म्हणजे तिला वाटतं आपण बोललो की माणूस मरतं. आणि मी काय केलं? तिच्यापुढे आजारी होऊन पडलो. नंतर तुला पाडलं.” ते स्वतःवरच खो खो हसले. मग छत्री घेऊन तळ्याकडे निघाले. त्या दिवशी त्यांनी एक नाही, पाठोपाठ कितीतरी चकरा मारल्या. पायरीवर बसलेली हिरा त्यांना दर वेळी समोरून जाताना बघत होती. हा म्हातारा चांगला हिंडता-फिरता आहे हे तिला त्यातूनच कळलं असावं, कारण पुढच्या वेळी ती दारापर्यंत आली.

त्यानंतर जे सुरू झालं ते बघायला गाव लोटायचं बाकी होतं. डॉक्टर आपण किती धडधाकट आहोत हे हिराला दाखवायला लागले. तिच्यासमोर उभं राहून त्यांनी मिठाचं पोतं उचलायचा प्रयत्न केला. कंपाउंडरने मधे पडून पोतं खाली ठेवायला लावलं. मग तिच्यासमोर बसून ते भाकरी आणि सुकट खाऊ लागले. एकदा ती यायच्या वेळी जागच्या जागी उड्या मारत होते. कंपाउंडर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, “ताई, यांना आवरा. यांना हे चालत नाही.” वय झालंय म्हणून म्हणत असेल, असं मी धरून चालले.

एवढं करून त्यांनी हिराला सांगितलं, “मला म्हण, मर. मी मरतो की नाही ते बघू.”

हिराने मान हलवली. नाही.

दर खेपेला ते विचारत, दर खेपेला ती मान हलवी. होळी झाली, पाडवा झाला. सासू म्हणाली, गावकीचा दिवस ठरला. मी डॉक्टरांना म्हटलं, दुसरं काही करून बघू या, तिला लिहायला शिकवू, गाणं म्हणायला लावू. ते म्हणाले, “तिला गाणं म्हणायचं नाहीये. तिला पोरांवर ओरडायचंय.”

मग एके दिवशी त्यांनी मला आणि म्हातारीला तळ्याच्या पायरीवर जाऊन बसायला सांगितलं. दवाखान्याचं दार सताड उघडं होतं. आतलं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. हिरा खुर्चीत होती आणि डॉक्टर तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते. ते बराच वेळ बोलत होते. मधेच त्यांनी छातीवर हात ठेवला. शपथ घेताहेत, असं मला वाटलं. हिराने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं.  शेवटी ती उठून आली आणि सासूबरोबर कोनला गेली.

पुढच्या खेपेला ती आली ती सरळ आत. खुर्चीत बसली नाही. डॉक्टर उभे होते, मी कोपऱ्यात होते, म्हातारी दारात. हिराने पदर तोंडावरून काढला. ओठ दोन-तीनदा हलले. मग अगदी बारीक, घशात अडकलेला आवाज आला.

“मर.”

डॉक्टर कानाला हात लावून म्हणाले, “ऐकू नाही आलं.”

“मर!”

“कोण?”

“तू मर मेल्या! तूच मर!” हिरा किंचाळली आणि खाली बसून रडायला लागली. म्हातारी धावत आत आली आणि तिला पोटाशी धरून तीही रडायला लागली. “बोलली गं, माजी बाय बोलली,” असं काहीतरी ती म्हणत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. डॉक्टर मात्र चष्मा पुसत म्हणाले, “मी जोवर आहे तोवर बाजारात येऊन तुला तोंड दाखवीन. आजपासून.”

हिरा बाजाराच्या रस्त्याला वाल, काकड्या, केळीची पानं घेऊन बसायची. डॉक्टर छत्री घेऊन जायचे, तिच्यासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, “आहे अजून.” पहिल्या वेळी तिने घाबरून मान खाली घातली. पुढे मान वर आली. मग हसू आलं. मग एकदा डॉक्टरांनी वालाचा भाव पाडून मागितला, तेव्हा ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मेला बी नाय आनि पैसं बी देत नाय!” सगळे हसले. गावकी बसलीच नाही. वैशाखात हिरा आपल्या घरी, आपल्या पोरांत होती आणि सासूशी कडकडून भांडत होती.

माझी मुदत संपली, पण मी आठवड्यातून दोन दिवस येत राहिले. एकदा डॉक्टरांबरोबर बाजारातून परत येत होते. तळ्याजवळच्या चढावर ते थांबले आणि भिंतीला हात लावून उभे राहिले. तोंड पांढरं पडलं होतं. दवाखान्यातून धावत आलेल्या कंपाउंडरने त्यांच्या जिभेखाली गोळी ठेवली, तेव्हा मला कळलं की त्यांचं हृदय कधीपासून अधू होतं. ब्रह्मदेशापासून.

मी फार संतापले. ते कोचावर पडले होते आणि मी खुर्चीत होते. “असं हृदय घेऊन तुम्ही तिला ‘मर’ म्हणायला लावलंत? दुसऱ्या दिवशी तुम्हाला काही झालं असतं तर? ती जन्मात पुन्हा बोलली नसती. असं तुम्ही का केलंत?”

त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, “तळ्याला जा.”

मी गेले. अक्षरशः पाय आपटत गेले. परत आले तेव्हा ते झोपले होते.

पुढच्या थंडीत त्यांना बाजारापर्यंत जाणं जमेना. तेव्हा ते साताऱ्याकडे आपल्या बहिणीच्या घरी जायला निघाले. एस. टी. स्टँडवर मी पोचवायला गेले होते. खिडकीतून म्हणाले, “हिरा माझी चौकशी करील. काय सांगायचं ते तू ठरव.” मला वाटलं होतं ते शेवटी काहीतरी मोठं बोलतील. पण गाडी सुटेपर्यंत ते शेजारच्या माणसाच्या कोंबडीबद्दलच बोलत होते. काही महिन्यांनी बहिणीकडून ते गेल्याचा निरोप आला.

आता दवाखान्यात कोचावर मी पडायला लागले. तेव्हाच्या मानाने बऱ्यापैकी पडत होते. आणि हिराने पहिल्यांदा विचारलं, “डॉक्टर कसा हाय?” तेव्हा मी म्हटलं, “बरे आहेत.”

मी हे पूर्ण विचार करून ठरवलं होतं. रोग्याशी खोटं बोलायचं नाही हा नियम मला पाठ होता. पण तिची वाचा त्या म्हाताऱ्याच्या जिवंतपणावर उभी होती, आणि तिची मुलं तिच्या वाचेवर. तो पाया काढून घ्यायला माझं मन तयार नव्हतं. बाजारातून जाताना ती विचारी आणि मी तेच उत्तर देई. कधी ती सुकटीची पुडी देई, “डॉक्टरला धाड.” मी पुडी पिशवीत टाकी. आत्याच्या घरी सुकट चालत नसे, म्हणून कंपाउंडर ती मोसंब्यांबरोबर घेऊन जाई. अशी काही वर्षं गेली. पनवेलला रेल्वे आली. हिराचा थोरला मुलगा शाळेच्या वरच्या वर्गात गेला.

भाद्रपद चालू होता. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी आत्याने मला केळीची पानं आणायला पाठवलं. हिराकडे पानांचा ढीग होता आणि गिऱ्हाइकांची गर्दी. माझी पानं बांधून दिल्यावर तिने ढिगातली दोन चांगली, न फाटलेली पानं काढून मागे ठेवली.

“ती दे की,” मी म्हटलं.

“ती नाय. ती माजी हायेत. अवसेला लागतात.”

“दोन?”

“येक दिराचं,” हिरा म्हणाली, “आनि येक डॉक्टरचं.”

 माझ्या हातातून पानांची गुंडाळी घसरली, ती तिनेच उचलून दिली.

“तुला कोणी सांगितलं?”

“कोन सांगनार? तो बोललेला, जोवर हाय तोवर येऊन तोंड दाखवीन. तो आयला नाय, मंग समाजले मी. पैल्या वर्सापासून पान ठेवते त्याचं. आमच्या घरचं मानूस असल्यागत.”

“आणि तुला भीती नाही वाटली? तू तसं बोलली होतीस म्हणून...”

हिराने एका गिऱ्हाइकाला काकड्या दिल्या, मग माझ्याकडे वळली. “तुना नाय सांगलं त्यानी? त्या दिशी, तुमी पायरीव बसला व्हता तवा, मना त्यानी आदीच सांगलं. बोलला, माजं काळीज फाटकं हाय. आज नाय तर उद्या मी मरनार हाय, तू बोल नाय तर नको बोलूस. माजं मरन माजं हाय. त्यात तू वाटा मागू नको. दिराचं बी दिराचं. त्यात बी तुजा वाटा नाय.” तिने काकड्यांचे पैसे कमरेला खोचले. “आठवडाभर इचार केला मी. मंग बोलले.”

इतकी वर्षं मला वाटत होतं की डॉक्टरांनी तिच्याशी जुगार खेळला. पण ती बोलण्याआधीच त्यांनी तिला हातातली सगळी पानं उघडून दाखवली होती. मी ज्याला शपथ समजले होते तो हात त्यांनी दुखऱ्या जागेवर ठेवला होता.

“अगं मग,” मी म्हटलं, “सगळं माहीत होतं तर मला दर वेळी कशाला विचारायचीस, डॉक्टर कसा हाय म्हणून?”

हिरा जराशी लाजली. पानांवर पाणी शिंपडत ती म्हणाली, “तू ‘बरे आहेत’ बोलायचीस ना, तवा तुजं तोंड बरं दिसायचं. बाकीच्या टायमाला लय थकलेली दिसतेस. म्हनून इचारायची.”

मला तिथेच, भर बाजारात, रडू आलं. हिराने भाजीची पाटी सरकवून मला फडक्यावर बसायला जागा केली. मी बसले, ती गिऱ्हाइकं करत राहिली, आणि मधून मधून नुसतं “हं” म्हणत राहिली. मी किती वेळ बोलत होते आणि काय काय बोलले ते आता आठवत नाही.

उठताना लक्षात आलं की आपण ‘कशाला’ विचारलं होतं. मग आत्याची पानं काखेत धरून मी तळ्याला एक चक्कर मारली आणि घरी गेले.